सीडीशिवाय विंडोज ११: मराठी-कन्नड फॉन्ट सांभाळून संगणक अपग्रेड कसा करायचा

विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून बेळगावात असो, खानापुरात असो की निपाणीत, ओळखीचं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला: "काय ओ दादा, विंडोज ११ ची सीडी कुठं मिळंल?"

सीडी शोधत फिरण्याची गरजच उरलेली नाही. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून थेट उतरवून घेता येतं, आणि विंडोज १० चं लायसन्स खरं असेल तर अपग्रेडला पैसे पडत नाहीत. बाजारात 'सगळी विंडोज एकात' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डिस्क आणि पेनड्राइव्ह मात्र घेऊ नका. त्यात लायसन्स चोरून चालू करणारं सॉफ्टवेअर भरलेलं असतं, आणि त्याच्याबरोबर आणखी काय आत शिरतं ते कळायला मार्ग नसतो. ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचं काम करता, लोकांचे आधार क्रमांक भरता, त्यावर असली वस्तू चालवणं म्हणजे चोराच्या हाती घराच्या किल्ल्या देणं.

आपल्या सीमाभागातल्या संगणकावर एक जास्तीची जबाबदारी असते. सरकारी अर्ज कन्नडात, लग्नपत्रिका मराठीत, जीएसटी इंग्रजीत, असं एकाच यंत्रावर सगळं चालतं. नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, छपाईच्या जुळणीचे म्हणजे डीटीपीचे जुने मराठी फॉन्ट, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन हे सगळं वर्षानुवर्षं कुणी ना कुणी बसवून दिलेलं असतं, आणि त्याच्याही सीड्या कधीच हरवलेल्या असतात. म्हणून माझा आग्रह आहे की जमेल तिथे चालू विंडोजच्या आतूनच अपग्रेड करा. त्यात सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि फाइली जागच्या जागी राहतात. ड्राइव्ह पुसून नव्याने विंडोज टाकायचं ते दुसरा इलाजच नसेल तेव्हा.

संगणक विंडोज ११ ला चालतो का?

सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं जा. तिथे प्रोसेसरचं नाव, रॅम आणि सिस्टम टाइप दिसेल. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबीचा ड्राइव्ह, ६४-बिट प्रोसेसर, यूईएफआय पद्धतीची सुरुवात, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ४ जीबीवर ते चालतं, पण क्रोममध्ये चार टॅब आणि बाजूला हिशेबाचं टॅली उघडलं की रखडतं. रॅम ८ जीबी करून घेतलीत तर पैसे वाया जाणार नाहीत.

प्रोसेसरचं नाव नीट वाचा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आय५ नंतरच्या आडव्या रेषेपुढे ८२५० असा आकडा असेल तर तो आठव्या पिढीचा, ७२०० असेल तर सातव्या, १०२१० असेल तर दहाव्या पिढीचा. एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. एवढ्यात शिरायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप उतरवा. ते काय कमी आहे ते थेट सांगतं.

त्यात 'टीपीएम सापडत नाही' असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. जुळवून घेतलेल्या, म्हणजे असेंबल केलेल्या, संगणकांत बहुधा ही सोय प्रोसेसरमध्ये असते, फक्त बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा आणि इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी', एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' शोधून चालू करा. बटण वेळेत दाबलं जात नसेल तर विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप या वाटेनेही बायोसपर्यंत पोचता येतं.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी सोय, चालू आहे का ते मात्र बघाच. चालू असेल तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून खात्यात जाऊन ती कागदावर उतरवून घ्या आणि मगच बायोस उघडा. खातं दुकानदाराच्या किंवा पाहुण्याच्या ईमेलवर काढलेलं असेल तर ते आजच सोडवून घ्या.

आता जरा अवघड मुद्दा. स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे 'लेगसी' असेल तर ड्राइव्ह जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेला आहे. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन नुसतं यूईएफआय चालू केलं तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी ड्राइव्ह जीपीटी पद्धतीत बदलावा लागतो. त्यासाठी विंडोज १० मध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' (mbr2gpt) नावाची आज्ञा आहे. ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते. तिला आधी नुसतं तपासायला सांगायचं, तपासणी पार पडली तरच बदलायला सांगायचं. ड्राइव्हवर चार प्रायमरी भाग पाडलेले असतील तर ती नकार देते. फाइली यातून शाबूत राहतात, पण बॅकअप नसताना हे काम करू नका. हात कचरत असेल तर जाणकाराला शेजारी बसवून करा, त्यात कमीपणा काही नाही.

सिस्टम टाइपसमोर '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम' दिसत असेल तर आतून अपग्रेड होणार नाही, कारण विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही. विंडोज ७ वाल्यांचंही तसंच: तिथून थेट ११ वर जाताना सॉफ्टवेअर टिकत नाही, आणि विंडोज ७ ची जुनी की वापरून मोफत अ‍ॅक्टिव्हेट करण्याची वाट २०२३ मध्ये बंद झाली. त्यांना नवं लायसन्स घेऊन कोरी मांडणीच करावी लागते.

बॅकअप, आणि त्यात फॉन्टचं फोल्डर

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. डी ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे, तो बहुधा त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे घेतात. राहून जातात ते दुसरेच: टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, स्कॅनरने भलत्याच जागी ठेवलेली चित्रं, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं नेमकं मॉडेल. आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स'. ते अख्खं कॉपी करून ठेवा.

कारण सांगतो. नुडीत किंवा जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या बऱ्याचशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. आत साठवलेली असतात इंग्रजी कळांची चिन्हं, आणि 'नुडी ०१ ई' सारखा फॉन्ट त्यांना कन्नड रूप देतो. फॉन्ट नसला की तहसीलदारांना दिलेला कन्नड अर्ज उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट परत टाकला की अर्ज जसाच्या तसा दिसतो. पण हे ठाऊक नसल्याने लोक घाबरतात, आणि कुणीतरी 'डेटा गेला' म्हणून मोकळा होतो. डीटीपीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल तर त्याचं ड्रायव्हर विंडोज ११ साठी निघालंय का, हे त्या कंपनीला आधी विचारून घ्या. पत्रिका छापणाऱ्यांनी तर ऐन लग्नसराईत हा उद्योग काढूच नये.

बॅकअप झाला की तो दुसऱ्या संगणकाला लावून त्यातल्या चार फाइली उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी जागा असू द्या. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'टेम्पररी फाइल्स' काढून टाकता येतात, पण त्या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर काढा, नाहीतर ग्राहकांनी पाठवलेल्या पीडीएफसुद्धा जातील.

फाइल उतरवणं

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोड पानावर तीन वाटा आहेत. एकच संगणक आणि चांगलं ब्रॉडबँड असेल तर पहिली वाट, 'इन्स्टॉलेशन असिस्टंट', सोपी. ते उतरवा, चालवा, बाकी ते स्वतःच बघतं.

मला मात्र आयएसओ फाइलची, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलीत उतरवण्याची, वाट जास्त पसंत आहे. ती ५ जीबीहून मोठी असते. जांबोटी-कणकुंबीकडे किंवा लोंढ्याच्या बाजूला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना, रोज दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर ती एका दिवसात उतरणारच नाही. पण बेळगावात कुणाच्या तरी घरच्या फायबरवर एकदा उतरवून घेतली, की तीच फाइल घरच्या, दुकानच्या, शेजारच्या संगणकाला चालते. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन्ही आवृत्त्या तिच्यातच असतात.

ती पेनड्राइव्हवर घेताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येऊ शकतो, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह अख्खा मोकळा असला तरी. बऱ्याच पेनड्राइव्हची मांडणी एफएटी३२ असते आणि तिला ४ जीबीहून मोठी एक फाइल पेलत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं काही हवं असेल तर काढून घ्या, त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा, एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करा.

आयएसओ निवडताना भाषा विचारतात आणि इथे पुष्कळांचं अडतं. तुमच्या विंडोजची मूळ भाषा 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' असेल आणि तुम्ही 'इंग्लिश इंटरनॅशनल' उतरवलंत, तर सॉफ्टवेअर ठेवण्याचा पर्याय पुढे फिका दिसतो, निवडताच येत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन हा शब्द बघा. त्यात इंग्रजी झेड असेल तर युनायटेड स्टेट्स, झेडच्या जागी एस असेल तर इंटरनॅशनल.

फाइल दुसऱ्याकडून आणली असेल किंवा मध्येच नेट तुटत तुटत उतरली असेल तर पडताळून घ्या. साधं पॉवरशेल उघडा, इंग्रजीत 'गेट-फाइलहॅश' (Get-FileHash) टाइप करून एक जागा सोडा, आयएसओ फाइल उचलून त्या विंडोत टाका आणि एंटर दाबा. येणारी आकडे-अक्षरांची लांब ओळ मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर दिलेल्या ओळीशी जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल वापरू नका.

प्रत्यक्ष अपग्रेड

आयएसओ फाइल आधी संगणकावर, शक्यतो डी ड्राइव्हवर, कॉपी करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तेवढ्यापुरता पुरतो. प्रिंटर, ठशांचं यंत्र, पेनड्राइव्ह सगळं उपसून ठेवा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा राहू दे. बिटलॉकर चालू असेल तर कंट्रोल पॅनेलमधून तात्पुरता थांबवा, तिथे 'सस्पेंड' असा पर्याय असतो.

विजेचं आधी बघा. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात करंट कधी जाईल त्याचा नेम नसतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावूनच बसा. डेस्कटॉपला यूपीएस हवा, आणि तो जुना असेल तर तो किती मिनिटं तग धरतो ते आधी तपासा. हेस्कॉमने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस जाहीर केला असेल तर तो दिवस टाळा.

मग आयएसओ फाइलवर डबल क्लिक करा. 'धिस पीसी'मध्ये एक नवा डीव्हीडी ड्राइव्ह उगवलेला दिसेल. यंत्रात डिस्कही नाही आणि डिस्क घालायची जागाही नाही, तरी विंडोजला ती डिस्कच वाटते. तिच्यातलं 'सेटअप' चालवा. सुरुवातीच्याच पडद्यावर 'चेंज हाउ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' अशी बारीक ओळ असते. नेट मंद असेल तर तिथे जाऊन 'नॉट राइट नाउ' निवडा, अपडेट नंतर घेता येतात.

अटी मान्य केल्या की शेवटी 'रेडी टू इन्स्टॉल' येतं. इथे थांबा आणि दोन ओळी वाचा. पहिलीत तुमचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, असली पाहिजे. दुसरीत 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' असलं पाहिजे. त्याऐवजी 'नथिंग' किंवा नुसतं 'पर्सनल फाइल्स' दिसत असेल तर खालच्या 'चेंज व्हॉट टू कीप' मध्ये जा. तिथे हवा तो पर्याय फिका असेल तर रद्द करून दुसऱ्या भाषेची आयएसओ आणा. या पडद्यापर्यंत काहीच बदललेलं नसतं, मागे फिरायला नुकसान नाही.

इन्स्टॉल दाबलं की एसएसडीवर तासाभरात उरकतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कित्येक तास लागू शकतात. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ चिकटून बसते, पडदा काळा होतो, संगणक दोन-तीनदा बंद-चालू होतो. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. बटण दाबून बंद करू नका.

सुरू झाल्यावर

आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे की न विचारताच 'अ‍ॅक्टिव्ह' दिसायला हवं. मग विंडोज अपडेट चालवा, त्यातल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर असतात तेही घ्या.

नंतर काम करून बघा. एक जुना नुडी अर्ज उघडा, एक जुनी पत्रिका उघडा, दोन्ही छापून बघा. ठशांचं यंत्र लावून त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारच्या कामाला लागणारी सेवा, चालते का ते पाहा. सहीचा टोकन लावून जीएसटीच्या पोर्टलवर सही होते का ते पाहा. टॅली उघडून गेल्या महिन्याचा ताळा पाहा. काही चालत नसेल तर त्या उपकरणाच्या कंपनीकडून विंडोज ११ चं ड्रायव्हर घेऊन टाका.

या निमित्ताने एक करा: नवा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला लागा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रिजन इथे मराठी आणि कन्नड दोन्ही जोडता येतात, आणि दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. विंडोज बटण धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. असा मजकूर फोनवर, ईमेलमध्ये, कुठेही फॉन्टशिवाय वाचता येतो.

काही मनासारखं झालं नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथल्या 'गो बॅक'ने विंडोज १० परत आणता येतं. त्यासाठी जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. ते बरीच जागा खातं, पण सगळी उपकरणं तपासून होईपर्यंत हात लावू नका.

विंडोज सुरूच होत नसेल तर

मग पेनड्राइव्ह लागतो, किमान ८ जीबीचा आणि रिकामा. दुसऱ्या चालू संगणकावर त्याच डाउनलोड पानावरची उरलेली वाट, 'मीडिया क्रिएशन टूल', उतरवून तो तयार करा. बंद संगणकाला लावून चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा: एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' असं निवडून पुढे जा. त्याच यंत्रावर आधी खरं विंडोज १० किंवा ११ असेल तर नेटला जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, फक्त होमच्या जागी प्रो निवडू नका.

ड्राइव्ह निवडायच्या पडद्यावर घाई नको. आकार वाचून सी कुठला, डी कुठला ते ठरवा. डीवर डेटा असेल तर त्याला हात लावू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इथे ड्राइव्हच दिसत नाही. डिस्क मेलेली नसते, स्टोरेजचं ड्रायव्हर लागतं. ते लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणून 'लोड ड्रायव्हर'ने द्यायचं.

पात्र नसलेला संगणक

सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा संगणक टाकून द्यायची गरज नाही. घरगुती विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केले. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते. टीपीएमची अट टाळून विंडोज ११ बसवायच्या युक्त्याही आहेत, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या दुकानात मी त्या वापरू देणार नाही.

मुलांच्या अभ्यासाला, लिहायला, नेट बघायला विंडोजच्या जागी लिनक्स मिंट उत्तम चालतं आणि ते पूर्ण मोफत आहे. त्यात मराठी-कन्नड युनिकोड टायपिंग होतं. तेही पेनड्राइव्हवरूनच येतं, आणि त्याची मोठी सोय अशी की डिस्कला हात न लावता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का हे पाहून मगच बसवायचं ठरवा. टॅली, नुडी आणि ठशांचं यंत्र ज्यावर रोज चालतं तो संगणक मात्र लिनक्सवर नेऊ नका, त्याच्यासाठी विंडोज ११ चालणारं यंत्र, वापरलेलं का असेना, बघून ठेवा. घेताना प्रोसेसरचा आकडा समोर चालू करून वाचून घ्या.